वऱ्हाडातील प्राचीन मणिकारांची साधने : ओळख आणि क्रयविक्रय

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राचीन वस्तिस्थानांच्या उत्खननात मणी विपुल सापडतात; मात्र ज्या साधनांनी ते मणी घडविले ती साधने फार क्वचित हाती लागतात. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या तीरावरील कौंडिण्यपूर येथे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ या काळात उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१८-१९ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर येथील उत्खनन शाखेने चांदूर बाजार तालुक्यातील फुपगाव येथे, पूर्णेच्या वळणात वसलेली, इ. स. पू. ७ वे ते ४ थे शतक या काळातील लोहयुगीन वस्ती उजेडात आणली. तेथे गोल घरांचे अवशेष, लोखंडाच्या व तांब्याच्या वस्तू आणि त्यांबरोबर अकीक, तांबडा अकीक, यास्पर व स्फटिकजातीचे पुष्कळ मणी मिळाले. मण्यांचा पुरावा असा भरघोस आहे. साधनांचा पुरावा त्या मानाने अगदी तुटपुंजा आहे.

या विषमतेचे कारण काय? साधने होतीच, कारण अकिकासारख्या दगडाला भोक आपोआप पडत नाही. ती नष्ट झाली असे म्हणावे, तर त्यांतील काही दगडाची व काही लोखंडाची होती, आणि लोखंडी वस्तू तर त्याच थरांतून सापडतात. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, मणिकाराची साधने मुख्यतः कालौघात झिजून नाहीशी झाली नाहीत, तर ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्यांना जुनेपणीही किंमत होती, म्हणून ती विकली गेली, वितळविली गेली, पुन्हा बसविली गेली. ज्याला किंमत नव्हती ते तेवढे जागेवर राहिले. हे मान्य केले तर या धंद्याचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा, आणि तो आधार आज किती सुरक्षित आहे, हे दोन प्रश्न ओघानेच पुढे येतात.

२. कच्चा माल

वऱ्हाडचा बहुतेक सर्व भूभाग दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. लाव्हारस थिजत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिकेचे थरावर थर बसून अकीक, सुलेमानी, गारगोटी इत्यादी दगड तयार झाले. कातळ कुजून त्याची माती होते. हे गोटे मात्र कठीण असल्यामुळे शिल्लक राहतात व पाण्याबरोबर नदीच्या पात्रात येतात.

तथापि वऱ्हाडात ते सर्वत्र सारखे मिळत नाहीत. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला पूर्णेचा मधला पट्टा, ज्याला लोक खारपाण पट्टा म्हणतात, तो खोल गाळाचा आहे. तेथे गोटा हाताशी लागणे कठीण. गोट्यांचा साठा या पट्ट्याच्या दोन्ही कडांना आहे. उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांतून उतरणारे ओढे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेतून पूर्णेकडे वाहणाऱ्या मन, मोर्णा, काटेपूर्णा या नद्या, ही त्याची ठिकाणे होत. म्हणजे अकोल्याच्या बाजूला पातूर-बार्शीटाकळीचा चढ आणि अमरावतीच्या बाजूला मेळघाटचा पायथा यांच्या मधोमध असलेल्या वस्तीला दगड कोठून तरी आणावाच लागे. गाळाच्या प्रदेशातील पांढरीवर अकिकाच्या कपच्या दिसल्या तर त्या माणसाने आणलेल्या होत, हे यावरून निःशंकपणे म्हणता येते. संशोधकाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे.

३. साधने कोणती होती?

प्राचीन साधनांची कल्पना येण्यासाठी गुजरातेतील खंबायत येथील कारागिरीचा आधार घ्यावा लागतो. तेथील पद्धतीचे वर्णन १९ व्या शतकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये आले असून अलीकडच्या काळात केनॉयर, विदाले व भान या संशोधकांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे. खंबायतची पद्धत वऱ्हाडात जशीच्या तशी होती असे मात्र समजू नये. दगडाचे गुणधर्म बदलत नाहीत, म्हणून त्याला वश करण्याचे मार्गही थोडेच असतात, एवढ्यापुरतीच ही तुलना ग्राह्य आहे.

प्रथम गोटे उन्हात वाळवून मडक्यांत भरतात व शेणीच्या मंद आगीत भाजतात. त्यामुळे दगड फोडण्यास सुलभ होतो आणि त्यातील लोहाचा अंश बदलून पिवळसर तपकिरी दगड तांबडा होतो. नंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्याच्या टोकावर गोटा टेकवून, शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने हलके हलके मारीत त्याच्या कपच्या काढतात. अशा रीतीने मण्याचा ओबडधोबड आकार सिद्ध झाला की तो खरखरीत दगडावर घासावयाचा. पुढे लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेल्या चकतीवर त्याला गुळगुळीत करावयाचे. शेवटची झिलई द्यावयाची ती कातडी पिशवीत मणी, कुरुंद व अकिकाची पूड पाण्यासह घालून, ती पिशवी दोन माणसांनी कित्येक दिवस मागेपुढे लोळवून.

सर्वांत अवघड काम भोक पाडण्याचे. काठिण्याच्या मापात अकीक जवळजवळ ७ वर, कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर आहे. साधे लोखंड या सर्वांच्या खाली. म्हणून नुसत्या लोखंडी टोकाने अकिकाला भोक पडत नाही. एकतर टोकाशी कुरुंदाची पूड सोडीत राहावे लागते, नाहीतर टोकावरच हिऱ्याचे कण बसवावे लागतात. सुताराच्या सामत्याप्रमाणे कमानीच्या दोरीने फिरणारी एक बारीक सळई आणि तिच्या टोकाला बसविलेले हिऱ्याचे दोन बारीक कण, असे खंबायतचे गिरमिट असे. १९८८ साली गोरेलिक व ग्विनेट या दोघा संशोधकांनी प्राचीन मण्यांच्या भोकांचे ठसे घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व हिऱ्याच्या गिरमिटाचे तंत्र भारतात प्राचीन काळीच अवगत होते, असे प्रतिपादन केले.

४. विदर्भातील हिरा

वऱ्हाडच्या दृष्टीने या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात हिऱ्याच्या उत्पत्तिस्थानांत सभाराष्ट्राचे नाव आहे. टीकाकाराने सभाराष्ट्र म्हणजे विदर्भ असा अर्थ दिला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने वेणा नदीच्या तीरावरील हिरा उत्तम मानला आहे. ही वेणा म्हणजे वैनगंगा असे काही अभ्यासकांचे मत आहे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख येतो. हे वैरागड हल्लीच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे.

दागिन्यात जडविण्याजोगा हिरा राजकोशात किंवा श्रेष्ठींच्या पेटीत जाई. परंतु कोणत्याही खाणीतून चांगल्या हिऱ्यापेक्षा सदोष, डागाळलेले व बारीक कणच अधिक निघतात. अशा कणांना ग्राहक कोण? मणिकार हाच त्यांचा स्वाभाविक ग्राहक. अकिकाचे गोटे पश्चिमेकडील नद्यांत व हिऱ्याची खाण पूर्वेकडे, अशा या दोहोंच्या मध्ये नागपूरजवळील माहूरझरी हे स्थान येते. तेथे १९७०-७२ मध्ये डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी आणि पुढे २००१ नंतर डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. मोहंती यांनी उत्खनन केले. कच्चा गोटा, कपच्या काढलेला आकार, घासलेला मणी, भोक पाडताना फुटलेला मणी अशा निर्मितीच्या सर्व अवस्था त्या ठिकाणी मिळत असल्याने ते मणी बनविण्याचे मोठे केंद्र होते याविषयी आता शंका उरलेली नाही. दुसऱ्या बाजूस जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथेही उत्खननात या धंद्याचा पुरावा मिळाला आहे. वऱ्हाड हे या दोन केंद्रांच्या मधले क्षेत्र होय.

हा माल पुढे कोठे जाई तेही ठाऊक आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून सुलेमानी दगड मोठ्या प्रमाणावर, बिकट वाटांनी गाड्यांतून, भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे सांगितले आहे. मणिकारांची सांपत्तिक स्थितीही बरी असावी. कान्हेरीच्या एका दानलेखात सोपाऱ्याच्या मणिकाराने दिलेल्या दानाची नोंद आहे.

५. पुराणभांडांचा बाजार

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कारागीर म्हातारा झाला, वारसदार दुसऱ्या धंद्यात गेला, किंवा मागणी घटून वस्तीच उठली, म्हणजे त्याच्या साधनांचे काय होत असे?

जुन्या वस्तूंचा क्रयविक्रय प्राचीन काळी इतका रूढ होता की त्यासाठी नियम करावे लागले. अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या अधिकरणात, बाजारावरील अधिकाऱ्याने पुराणभांडांची, म्हणजे जुन्या वस्तूंची विक्री वा तारण, विकणाऱ्याने आपली मालकी सिद्ध केल्यासच होऊ द्यावे, असे सांगितले आहे. त्याच अधिकरणात सोनाराने संशयास्पद हातातून, अधिकाऱ्यास न कळविता, सोन्यारुप्याची वस्तू घेतल्यास १२ पण दंड आहे. तीच वस्तू रूप पालटून घेतली असल्यास दंड दुप्पट, आणि चोराच्या हातून घेतल्यास ४८ पण. रूप पालटण्याबद्दलची ही वाढीव शिक्षा लक्षात घेण्याजोगी आहे. वस्तू वितळली की तिची ओळख पुसते, हे नियमकर्त्याला पुरते माहीत होते.

मणिकाराच्या साधनांना हीच कसोटी लावून पाहू. लोखंडी सुळा जुना झाला तरी लोखंडच; लोहाराच्या भट्टीत जाऊन त्याचा खिळा किंवा फाळाचा तुकडा होतो. गिरमिटाच्या टोकावरील हिऱ्याचे कण काढून नव्या सळईवर बसविता येतात. सळई मोडली तरी कण वाया जात नाहीत. लाखेची चकती झिजली की ती तापवून पुन्हा ओतता येते व तिच्यातील कुरुंद दुसऱ्या चकतीत जातो. म्हणजे जे जे मौल्यवान ते ते रूप पालटून पुढच्या कारागिराकडे, नाहीतर लोहाराकडे गेले. कमान, दोरी, शिंग, कातडे ही साधने काळ्या जमिनीत टिकत नाहीत. उरले ते घासण्याचे खाचा पडलेले दगड, भट्टीची राख व खापऱ्या, आणि कपच्यांचा ढीग. या तिहींना विकत घेणारा कोणी नव्हता.

हा न्याय वऱ्हाडातील वाचकाला अपरिचित नाही. कासाराकडे जुने भांडे मोडीच्या भावाने देऊन नवे घेण्याची रीत घरोघर होती. जात्याला टाके घालणारे टाकणकार वऱ्हाडात गावोगाव फिरत, ते झिजलेल्या दगडालाही पुन्हा कामाचे मोल आहे म्हणूनच. आणि अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर अकोला-अमरावतीकडील सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे जे कारखाने बंद पडले, त्यांची यंत्रे वजनावर विकली गेली आणि धुराडी तेवढी उभी राहिली. उद्याच्या संशोधकाला त्या कारखान्याचे स्वरूप धुराड्यावरून व जोत्यावरून ठरवावे लागेल. मणिकाराच्या बाबतीत आपण आज नेमके त्याच स्थितीत आहो.

६. ओळखीच्या खुणा

वस्तिस्थानावर मिळालेला दगड मणिकाराचा की आणखी कोणाचा, हे ठरविताना घाई उपयोगाची नाही. काही खुणा येथे नोंदवितो.

खाचा पडलेला दगड ही पहिली वस्तू. मणी घासून पडलेली खाच तळाशी गोलसर, रुंदीने बहुधा एकसारखी व आतून गुळगुळीत असते. अनेक खाचा शेजारी शेजारी समांतर जातात. पाते किंवा सुई परजल्याने पडलेली खाच अरुंद व तळाशी निमुळती असते. परंतु एकाच दगडाचा दोन पिढ्यांत दोन कामांसाठी उपयोग झालेला असू शकतो. मणिकाराने टाकलेला दगड पुढे विळा परजण्यास, भिंतीच्या पायात किंवा दाराच्या उखळीसाठी वापरला गेला, तर त्यावर दोन्ही खुणा आढळतील. अशा वेळी कोणती खूण कोणत्या खुणेला छेदून जाते ते पाहावे. छेदणारी ती नंतरची.

दुसरी गोष्ट दगडाची जात. काळा कातळ घासण्याच्या बारीक कामास तितका उपयोगी नाही. त्यासाठी वालुकाश्म उत्तम. वऱ्हाडात कातळाखालचा वालुकाश्म थोड्याच ठिकाणी उघडा पडला आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सालबर्डी व बैराम यांच्या परिसरात तो दिसतो. तेव्हा पूर्णेच्या गाळात वालुकाश्माचा झिजलेला तुकडा मिळाला तर तो मुद्दाम आणलेला आहे, आणि कोणीतरी त्याच्या वाहतुकीचा भार सोसला आहे.

तिसरी व सर्वांत बोलकी खूण म्हणजे फुटका मणी. भोक अर्धवट पडल्यावर जो मणी तडकला त्याच्या पोटात गिरमिटाच्या टोकाचा आकार जसाच्या तसा शिल्लक राहतो. हिऱ्याच्या टोकाने बारीक, नियमित वलये उमटतात; पूड सोडून पाडलेल्या भोकाची भिंत निराळी, खरबरीत दिसते. दोन्ही बाजूंनी पाडलेली भोके मध्यावर किंचित चुकून मिळाली असतील तर तेथे पायरी दिसते. गिरमिट विकले गेले, पण त्याने केलेले काम विकता न आल्यामुळे मागे राहिले. पूर्ण झालेला सुबक मणी आपणास दागिन्याविषयी सांगतो. फुटका मणी साधनाविषयी सांगतो. केवळ मणी सापडले म्हणून तेथे कारखाना होता असे म्हणता येत नाही. फुटके मणी, अर्धवट आकार व कपच्या एकत्र मिळाल्या तरच ते म्हणावे.

ही ओळख संग्रहालयांनाही उपयोगी आहे. जुने म्हणून विकावयास आलेल्या मण्याचे भोक अगदी सरळ नळीसारखे, एकाच बाजूने आरपार गेलेले असेल तर तो आधुनिक अल्ट्रासॉनिक यंत्राचा असण्याचा संभव मोठा. खंबायतेत हल्ली अशी यंत्रे वापरली जातात. बाह्य झीज कृत्रिम रीतीने आणता येते, भोकाच्या आतील रेषा आणणे सोपे नाही.

एक इशारा आवश्यक आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगून मिटते. बारीक कपची किंवा लहान मणी भेगेतून कित्येक हात खाली जाऊ शकतो. म्हणून एकट्या कपचीच्या खोलीवरून काल ठरवू नये.

७. पांढरीचे भवितव्य

आपल्या ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीला काळी व गावठाणाला पांढरी म्हणतात. उठलेल्या गावाची पांढरी म्हणजे राख, खापऱ्या व पडक्या मातीच्या घरांचे टेकाड. ही माती शेतात टाकण्यास व घरे सारविण्यास चांगली म्हणून लोक ती गाड्या भरून नेतात. तिच्याबरोबर कपच्या, फुटके मणी व खाचांचे दगडही जातात. फुपगावच्या वस्तीचा सुमारे एकतृतीयांश भाग पाण्याने कापून नेला आहे. नदी जे करते तेच फावडेही करते, आणि अधिक वेगाने.

कायद्याचे संरक्षण आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेला निधी जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावस्तू व बहुमोल कलाकृती कायदा १९७६ पासून अंमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. विक्रेत्याने अधिकार सिद्ध करावा, हे अर्थशास्त्रातील तत्त्व येथे नव्या रूपाने आले आहे. परंतु हे दोन्ही कायदे मौल्यवान वस्तू डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. गुळगुळीत तांबडा मणी कोणी विकू लागला तर निदान कोणाचे तरी लक्ष जाते. कपच्यांनी भरलेली मातीची गाडी कोण अडविणार?

८. उपसंहार

येथवरच्या विवेचनाचे तात्पर्य असे. मणिकाराची साधने त्यांना किंमत होती म्हणून नाहीशी झाली. त्यांचा उरलेला एकमेव साक्षीदार म्हणजे कचरा. आणि तो, त्याला किंमत नाही म्हणून, आता नाहीसा होत आहे. पहिली हानी दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेली, तिला उपाय नाही. दुसरी टाळणे अद्याप शक्य आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरातील पांढरींची यादी करावी. जेथे अकिकाच्या कपच्या दिसतात तेथे कपच्या न उचलता स्थळ, अंतर व विस्तार यांची नोंद करून ती पुरातत्त्व खात्यास कळवावी. गावकऱ्यांना मण्याइतकेच फुटक्या मण्याचे महत्त्व समजावून सांगावे. पूर्णेच्या दोन्ही कडांवरील अशा नोंदी एकत्र आल्या, म्हणजे गोटा कोणत्या नदीतून कोणत्या वस्तीत गेला व तेथून भोकरदन-पैठणकडे किंवा माहूरझरीकडे वळला, याचा नकाशा काढता येईल. ज्यांची हत्यारे मोडीत गेली आणि नावेही उरली नाहीत, त्या वऱ्हाडी मणिकारांचा इतिहास लिहिण्याचा हाच मार्ग आज मोकळा आहे.